घाटमाथ्यावरची पाणबुडी

लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. खाऱ्या पाण्याचा वास यायचा तर बोरघाट उतरून खाली कोकणात जावं लागतं. तरीही भारतीय नौदलाच्या जहाजांची इंजिनं सांभाळणारे अधिकारी आणि नाविक घडतात ते याच गावात. भुशी धरणाच्या पुढे, कुरवंड्याच्या बाजूला पसरलेली ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘एचएमआयएस शिवाजी’ या नावाने सुरू झाली. पंचाहत्तरीच्या निमित्ताने २०२० मध्ये तिला राष्ट्रपतींचा ध्वज प्रदान झाला. बॉयलर, गॅस टर्बाइन, डिझेल इंजिन असं सगळं डोंगरात शिकून मुलं समुद्रावर रुजू होतात.

पाणबुडीची शाळा मात्र इथे नाही. ती विशाखापट्टणमला, ‘आयएनएस सातवाहन’वर आहे. पण एका वेगळ्या जातीच्या पाणबुडीसाठी मुंबई किंवा विशाखापट्टणमच्या समुद्रापेक्षा मावळचं पाणी कितीतरी सोयीचं आहे. ती म्हणजे प्लॅस्टिकच्या किटमधून हाताने जुळवलेली, रेडिओवर चालणारी, खरोखर बुडणारी आणि परत वर येणारी हातभर लांबीची पाणबुडी. समुद्रात ती बुडाली की ताबडतोब बहिरी होते. इथल्या गोड्या पाण्यात तिला दोन-तीन मीटर खालीसुद्धा किनाऱ्यावरच्या माणसाचा हुकूम ऐकू येतो. असं का होतं, ते पुढे येईलच.

सुरुवात किटपासून करू. हौशी मंडळींमध्ये जर्मनीच्या रेव्हेल कंपनीची दुसऱ्या महायुद्धातली ‘टाइप सेव्हन सी’ ही यू-बोट फार लोकप्रिय आहे. १:७२ प्रमाणातलं तिचं किट जवळजवळ एक मीटर लांब होतं. पण भारतीय वाचकाला जवळची वाटावी अशी पाणबुडी ट्रम्पेटर या चिनी कंपनीच्या पेटीत मिळते: रशियन बनावटीची ‘किलो’, प्रमाण १:१४४. याच वर्गाच्या दहा पाणबुड्या भारतीय नौदलाने १९८६ पासून घेतल्या. सिंधुघोष, सिंधुध्वज, सिंधुराज, सिंधुवीर अशी त्यांची नावं. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन बुडालेली आणि अठरा जणांना घेऊन गेलेली सिंधुरक्षक याच वर्गातली. सिंधुध्वज पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर जुलै २०२२ मध्ये निवृत्त झाली.

खरी किलो ७२.६ मीटर लांब असते. १४४ ने भागलं की ५०.४ सेंटिमीटर उरतात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हातापेक्षा थोडी जास्त लांबी. रुंदी सातच्या आत. अंग गोल आणि जाडजूड, त्यामुळे पोटात यंत्रं बसवायला जागा बरी. नवशिक्यासाठी ही मोठीच सोय आहे. सडपातळ यू-बोटीत तीच यंत्रं बसवताना नाकी नऊ येतात.

लांबी १४४ पट कमी झाली, तर वजन किती कमी होईल? वजन लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांनी घटतं, म्हणून १४४ ला तीनदा गुणायचं. उत्तर येतं सुमारे तीस लाख. किलो पाण्याखाली ३०७६ टन पाणी बाजूला सारते. प्रतिकृती अंदाजे १०३० ग्रॅम सारेल. पृष्ठभागावर तरंगताना खरी किलो २३२५ टन पाणी सारते. तिची प्रतिकृती ७८० ग्रॅम. या दोन आकड्यांतला फरक, अडीचशे ग्रॅम, म्हणजे ‘बुडणं’. तेवढं पाणी आत घेतलं की पाणबुडी खाली जाते, बाहेर ढकललं की वर येते.

निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात प्रतिकृती बांधणारे एक खुबी वापरतात आणि हे अडीचशे ग्रॅम चाळीस-पन्नासवर आणतात.

किटचं प्लॅस्टिकचं कवच पाण्याला बंद ठेवायचंच नाही, ही ती खुबी. कवचाला खाली-वर फटी पाडायच्या आणि पाणी खुशाल आत-बाहेर खेळू द्यायचं. खऱ्या किलोलाही अशी दोन कवचं असतात. बाहेरचं हलकं, आकार देणारं. आतलं जाड पोलादी, दाब सोसणारं आणि माणसांना कोरडं ठेवणारं. प्रतिकृतीत हे आतलं कवच म्हणजे पन्नास मिलिमीटर व्यासाची अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक नळी. बॅटरी, मोटर, सर्व्हो, रिसीव्हर असं पाण्याने बिघडणारं सगळं या नळीत. कवच फक्त रूप देतं.

आता प्लॅस्टिकचा हिशेब बघा. किट ज्या पॉलिस्टायरीनचं असतं त्याची घनता पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्के जास्त. हवेत दोनशे ग्रॅम भरणारं कवच पाण्यात बुडवलं की दहा ग्रॅमही भरत नाही. म्हणजे पाण्याखाली त्याचा भार जवळजवळ नाहीसाच होतो. पाणबुडी वर आल्यावर मात्र डेक आणि वरचा मनोरा पाण्याबाहेर निघतो, आणि तेवढ्या भागाचं पूर्ण वजन उचलावं लागतं. ते चाळीस-पन्नास ग्रॅम असतं. म्हणून तेवढंच पाणी आत-बाहेर करणारी टाकी पुरते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या २० मिलिलिटरच्या दोन सिरिंजा शेजारीशेजारी बसवल्या की टाकी तयार. त्यांचे दट्टे एका बारीक आट्यांच्या दांड्याला जोडायचे आणि गिअर लावलेल्या छोट्या मोटरने तो दांडा फिरवायचा. दट्टे मागे सरकले की पाणी आत, पुढे सरकले की बाहेर. जर्मन आणि अमेरिकन हौशी लोक यासाठी तयार पिस्टन-टाक्या विकत घेतात किंवा डब्यातला दाबाखालचा वायू वापरून पाणी हाकलतात. भारतात सिरिंज हाच सर्वांत सुटसुटीत मार्ग, कारण ती बिघडली तर गावातच दुसरी मिळते.

नळीचं गणितही असंच सोपं आणि असंच कठोर आहे. पन्नास मिलिमीटर व्यास, पंचवीस सेंटिमीटर लांबी: आकारमान सुमारे ४९० घनसेंटिमीटर. म्हणजे बंद नळी पाण्यात ४९० ग्रॅमच्या जोराने वर उसळणार. आतल्या सामानासकट तिचं वजन तेवढं भरलं नाही, तर पाणबुडी बुचासारखी तरंगत राहील. जास्त भरलं तर तळाशी जाऊन बसेल. पहिल्यांदा बांधणाऱ्याला वाटतं की प्रतिकृती हलकी हवी. उलट आहे. सगळं बसवून झाल्यावर तळाशी शिसं घालावंच लागतं, आणि ते कुठे घालायचं यातच सगळं कौशल्य.

जहाज आणि पाणबुडी यांच्यातला खरा फरक इथे दिसतो. तरंगणारं जहाज कललं की त्याची बुडालेली बाजू जास्त पाणी सारते आणि जहाज स्वतःला सरळ करतं. पूर्ण बुडालेल्या वस्तूला ही सोय नसते. तिला सरळ ठेवणारी एकच गोष्ट: उसळण्याचं केंद्र वर आणि वजनाचं केंद्र खाली असणं. म्हणून शिसं अगदी तळाला, कण्याच्या जागी चिकटवतात आणि डेकच्या आतून हलक्या फोमचे तुकडे लावतात. पॅकिंगचा साधा थर्माकोल मात्र टाळावा. त्याच्या दाण्यांच्या मधल्या पोकळीत पाणी शिरतं आणि मऊ फोम खोलीवर दाबलाही जातो. उसळ कमी झाली की पाणबुडी आणखी खाली, आणखी खाली गेली की उसळ आणखी कमी. बारीक, बंद छिद्रांचा कडक फोम घ्यावा.

पुढे-मागे तोल साधणं तर त्याहून नाजूक. पाण्याखाली पाच ग्रॅम शिसं नाकाकडे दोन बोटं सरकवलं तरी पाणबुडी मान खाली घालते. हे काम लांबट टबात, नळी बंद करून, शिशाचे बारीक गोळे तात्पुरते चिकटवून करायचं. सिरिंज रिकामी असताना पाण्याची रेघ डेकच्या खाली हवी. सिरिंज भरल्यावर मनोऱ्याचं टोक तेवढं बाहेर राहायला हवं, त्याहून जास्त बुडायला नको. हा शेवटचा पाच-दहा ग्रॅमचा वर येण्याचा कल जाणूनबुजून ठेवतात. उरलेलं बुडणं मागच्या आडव्या पंखांचं काम: प्रोपेलर पुढे ढकलतो, पंख नाक खाली करतात, पाणबुडी उतरते. मोटर बंद पडली तर ती आपोआप वर येते. खऱ्या पाणबुडीचे चालकही तोल असाच शून्याच्या आसपास राखतात. फक्त त्यांचा हिशेब टनांत असतो.

नळीच्या दोन्ही टोकांच्या झाकणांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. एका झाकणाला रबरी ओ-रिंगसाठी खाच कोरून घ्यायची. लेथवर काम करणारा कोणीही कारागीर ती करून देतो. या झाकणातून तीन गोष्टी बाहेर पडतात: प्रोपेलरचा दांडा, सुकाणूची सळई आणि पंखांची सळई. प्रोपेलरचा दांडा पितळी नळीतून जातो आणि त्या नळीत घट्ट ग्रीस भरतात. सळया पुढे-मागे सरकणाऱ्या, म्हणून त्यांच्यावर रबराचे चुणीदार मोजे चढवतात. सिरिंजेत पाणी घेणारं तोंड चौथं, रेडिओच्या अँटेनाची तार पाचवी. पाणी घुसण्याच्या जागा इतक्याच.

दोन मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोनशे ग्रॅम. पन्नास मिलिमीटरच्या झाकणावर त्याची बेरीज जवळजवळ चार किलो होते. हा जोर झाकणाला आतच दाबतो; पण पृष्ठभागावरही ते सैल पडू नये म्हणून नुसतं दाबून बसवणं पुरत नाही. दोन्ही झाकणं आरपार दांड्यांनी एकमेकांकडे ओढून धरावी लागतात. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा, नळीची कड पाण्याच्या पॉलिशपेपरने गुळगुळीत करायची. मग परीक्षा. सायकलच्या दुकानात पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तशीच नळीत किंचित हवा भरून ती टबात बुडवायची आणि प्रत्येक सांध्याकडे टक लावून बघायचं. केसाएवढ्या फटीतूनसुद्धा बुडबुड्यांची माळ निघते. ही परीक्षा यंत्रं आत घालण्याआधी घ्यावी आणि नंतर प्रत्येक फेरीच्या आधी पुन्हा घ्यावी.

आता रेडिओ. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली. रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यांचा वंश तिथून सुरू होतो. आज दुकानात जो रिमोट मिळतो तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झचा. ड्रोन, गाड्या, विमानं सगळ्यांना तोच. पाणबुडीला तो निरुपयोगी. या लहरींना पाणी गिळून टाकतं; गोड्या पाण्यातसुद्धा दर तीन-चार सेंटिमीटरला लहर एक तृतीयांशाच्या आसपास येते. डेकवर पाणी चढलं की संपर्क तुटला.

२७ मेगाहर्ट्झच्या जुन्या लहरी मात्र गोड्या पाण्यात अनेक मीटर उतरतात. भारतात २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे, त्यामुळे कायद्याचीही अडचण नाही. जुने संच पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात शोधावे लागतात, किंवा एखाद्या जुन्या खेळण्यातल्या गाडीतून काढून घ्यावे लागतात. रिसीव्हरची अँटेनाची तार नळीबाहेर काढून कवचाच्या आतून लांबवर फिरवतात. तिचं टोक इपॉक्सीने बंद करायला विसरायचं नाही.

हीच २७ मेगाहर्ट्झची लहर समुद्रात पाच सेंटिमीटरमध्येच तितकी क्षीण होते, कारण मिठामुळे पाणी वीज वाहून नेतं आणि लहर त्यातच विरते. यावर नौदलांनी काढलेला मार्ग म्हणजे अतिशय कमी वारंवारितेच्या, प्रचंड लांब लहरी. तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र १९९० पासून यासाठीच आहे. तिथल्या उंच मनोऱ्यांवरून निघालेला संदेश समुद्राखाली काही मीटरपर्यंत पोहोचतो. पाणबुडी तो फक्त ऐकते, उत्तर देत नाही. घरी बांधणाऱ्याला असा मनोरा उभारता येत नाही. पण लोणावळ्याला ज्या पाण्यात तो आपली प्रतिकृती सोडतो, ते सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, काळ्या पत्थरावरून आलेलं, क्षार कमी असलेलं पाणी असतं. त्यात साध्या रिमोटची लहर सहज उतरते. मावळची सोय ती हीच.

मिठाचा दुसरा परिणाम तोलावर होतो. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. सातशे घनसेंटिमीटर पाणी सारणाऱ्या प्रतिकृतीला समुद्रात सतरा-अठरा ग्रॅमची जादा उसळ मिळते, म्हणजे लोणावळ्यात तोल साधलेली पाणबुडी अलिबागच्या किनाऱ्यावर बुडायला नकार देईल. एवढंच काय, घरी उन्हाळ्यात तोल साधला आणि डिसेंबरच्या थंड पाण्यात सोडली तर दीड-दोन ग्रॅमचा फरक पडतो. ज्या यंत्राचा सगळा कारभार पाच-दहा ग्रॅमवर चालतो, त्याला तेवढंही जाणवतं.

मग चालवायची कुठे? भुशी धरण, पावसाळ्यातली इंद्रायणी आणि धबधब्यांखालचे डोह ही नावं विचारातूनच काढून टाकावीत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रतिकृती अडकली म्हणून पाण्यात उतरणं हा कुणाच्याही जिवावर बेतणारा मोह आहे. वळवण आणि लोणावळ्याचे तलाव टाटांच्या जलविद्युत योजनेचे, १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी बांधलेले; तिथे आणि पवना धरणावर परवानगीशिवाय जाऊ नये. आयएनएस शिवाजीचा परिसर तर संरक्षण खात्याचा. शिवाय पावसाळ्यात तलावांचं पाणी गढूळ असतं. वीतभर खालची पाणबुडी दिसेनाशी झाली की ती कुठे वळली तेच कळत नाही.

सर्वांत उत्तम जागा म्हणजे बंगल्याचा किंवा रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव, मालकाच्या परवानगीने. दुसरी जागा खास मावळची आहे. पवन मावळात गुलाबाची पॉलिहाउसेस उभी राहिली तशी त्यांच्या शेजारी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळीही आली. पावसाचं साठवलेलं पाणी, गाळ नाही, झाडंझुडपं नाहीत, दिवाळीनंतर तळ दिसावा इतकं नितळ. पण शेततळ्याच्या उतरत्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला तर वर येता येत नाही. म्हणून काठाला कुंपण हवं, दोर हवा, मोठं माणूस सोबत हवं आणि मुलांनी कडेपासून लांब उभं राहावं. प्रतिकृतीच्या डेकला मासेमारीची बारीक दोरी आणि तिच्या टोकाला लाल बूच बांधलं की ती कुठेही अडकली तरी ओढून काढता येते.

वेगाचा एक नियम ध्यानात ठेवला तर चाल खरी दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम फ्राउड या इंग्रज इंजिनिअरने प्रतिकृतींवर प्रयोग करून दाखवलं की लांबी जितके पट कमी, त्याच्या वर्गमुळाइतके पट वेग कमी करावा. १४४ चं वर्गमूळ १२. किलोचा पाण्याखालचा वेग सुमारे सतरा नॉट, म्हणजे सेकंदाला पावणेनऊ मीटर. प्रतिकृतीने सेकंदाला पाऊण मीटरच्या आत राहावं. हौसेने मोठी मोटर लावली की पाणबुडी टॉर्पेडोसारखी पळते आणि बघणाऱ्याला ती खेळण्यातली वाटते. उलट सुकाणू आणि पंख मात्र थोडे मोठे करावे लागतात. आकार घटला तरी पाण्याचा चिकटपणा घटत नाही, आणि किटमधले मापात काढलेले पंख इतक्या कमी वेगात पाण्याला पुरेसे वळवू शकत नाहीत. मागच्या पंखांच्या कडेला अर्धा सेंटिमीटर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली की वळण सुधारतं आणि ती दिसतही नाही.

संपर्क तुटला तर काय, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवायचा. एखादा छोटा आर्डुइनो बोर्ड रिसीव्हरवर नजर ठेवतो. दोन सेकंद सिग्नल आला नाही, बॅटरी उतरली किंवा नळीच्या तळाशी लावलेल्या दोन तारांमध्ये पाणी आलं, की तो सिरिंजेचे दट्टे पुढे ढकलायला लावतो. शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला यासारखा धडा मिळणार नाही, कारण इथे चूक झाली तर ती पडद्यावर न दिसता थेट तळ्याच्या तळाशी जाते. एनसीसीच्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती बनवण्याची स्पर्धा असते; मावळातल्या शाळा-कॉलेजांनी त्यात बुडणाऱ्या प्रतिकृतीची भर घालावी, असं मनापासून वाटतं. नौदलाच्या इंजिनिअरांची शाळा ज्या गावात आहे, तिथल्या मुलांना हे मागायचा हक्क आहे.

रेडिओचा अडथळा कायमचा दूर करायचा तर पाणबुडीलाच विचार करायला शिकवावं लागतं. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांची ‘मत्स्य’ ही पाण्याखाली स्वतः वाट शोधणारी यंत्रं त्याच वाटेवरची. कॅमेरा आणि ध्वनिलहरींच्या आधारे ती खुणा ओळखतात आणि ठरवलेली कामं करतात. अमेरिकेतल्या रोबोसब स्पर्धेत ती उतरली आहेत. सिरिंज, ओ-रिंग आणि शिशाच्या गोळ्यांवर हात बसलेल्या मुलाला तिथलं अर्धं काम ओळखीचं वाटेल. पाणी बाहेर ठेवायचं आणि तोल राखायचा, हे तिथेही सुटत नाही.

फेरी संपल्यावर पाणबुडी पेटीत ठेवण्याआधीची कामं मात्र चुकवायची नाहीत. कवच उघडून आतलं पाणी निथळू द्यायचं. नळी कोरड्या फडक्याने पुसून मगच झाकण काढायचं, नाहीतर कडेचे थेंब आत ओघळतात. बॅटरी बाहेर काढून वेगळी ठेवायची. सिरिंजेच्या रबराला सिलिकॉन तेलाचा थेंब, दांड्याच्या पितळी नळीत नवं ग्रीस. लोणावळ्याच्या दमट हवेत नळीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावी आणि पावसाळ्यात झाकण किंचित सैल सोडावं, म्हणजे दाबली गेलेली ओ-रिंग चपटी होत नाही.